दहा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर

औष्णिक वीज केंद्र उभारायचं किंवा वाढवायचं ठरलं की पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल तयार करावा लागतो. या अहवालात एक नकाशा हमखास असतो: मधोमध केंद्र आणि त्याभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. हवा, पाणी, माती, पिकं, लोकांचं आरोग्य, जे काही तपासायचं ते मुख्यतः या वर्तुळाच्या आत. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची (राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची) दोन मोठी केंद्रं आहेत. कन्हान गाव त्यांच्यापासून सरळ रेषेत चौदा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेला आहे. म्हणजे दोन्ही वर्तुळांच्या बाहेर.

उन्हाळ्यात या भागात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहतो, म्हणजे केंद्रांकडून कन्हानकडे. नदीची दिशाही तीच. छिंदवाडा जिल्ह्यातून सातपुडा उतरून आलेली कन्हान खापरखेड्याजवळ बीना संगमावर पेंच आणि कोलार यांना पोटात घेते आणि मग कामठी व कन्हान यांच्यामधून पुढे जाते. कोराडीच्या परिसरातलं पाणी कोलारमध्ये उतरतं, कोलार कन्हानमध्ये, आणि कन्हानच्या काठावर नागपूर शहराला पाणी पुरवणारं जलशुद्धीकरण केंद्र आहे. चिमणीचा धूर आणि नदीचं पाणी दोन्ही गावापर्यंत येतात. मोजमाप मात्र चार-पाच किलोमीटर आधीच थांबतं.

हा फक्त नकाशातला दोष नाही. शहरी वस्तीतले आरोग्याचे धोके आपण ते जिथून निघतात तिथे उभं राहून मोजतो. चिमणीपाशी, खाणीच्या कुंपणापाशी, कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळापाशी. माणूस राहतो तिथून मोजायला लागलं तर चित्र किती बदलतं, हे समजून घ्यायला कन्हानइतकं चांगलं ठिकाण विदर्भात क्वचितच सापडेल.

कारण इथे एकच एक धोका नाही. गावाला लागून वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या) कोळसा खदानी आहेत: कामठी, इंदर, गोंडेगाव. खुल्या खदानीत सुरुंगाचे स्फोट होतात, कोळशाच्या ढिगांना आपोआप आग लागून ते आतल्या आत धुमसत राहतात, आणि भरलेल्या हायवा ट्रकांची ये-जा दिवसरात्र चालते. गावातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. नागपूर–हावडा रेल्वेमार्ग इथूनच जातो आणि रामटेकचा फाटा इथेच सुटतो. नदीतून रेतीचा उपसा होतो. पलीकडच्या काठावर कामठी, तिचं सांडपाणी आणि तिची वाहतूक. या प्रत्येक गोष्टीचं खातं वेगळं: खाणीची सुरक्षा केंद्र सरकारकडे, चिमणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, रेती महसूल विभागाकडे, महामार्ग प्राधिकरणाकडे, गटार नगरपरिषदेकडे. प्रत्येक खातं आपापला आकडा मर्यादेत आहे की नाही ते पाहतं. कन्हानमधल्या एखाद्या घरात राहणाऱ्या बाईच्या फुप्फुसात या सगळ्याची बेरीज होते, आणि ती बेरीज करणं कुणाच्याच कामात बसत नाही.

धोका मोजायची पद्धत मुळात काय आहे? १९८३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने ती चार पायऱ्यांत मांडली आणि जगभर थोड्याफार फरकाने तीच वापरली जाते. पहिल्या पायरीवर घातक काय आहे ते ओळखायचं. दुसरीवर त्याची किती मात्रा शरीरात गेल्यावर काय परिणाम होतो ते पाहायचं. तिसरी पायरी, प्रत्यक्षात कुणाच्या शरीरात किती मात्रा जाते. चौथी, या सगळ्यावरून जोखीम किती ते ठरवायचं. पहिल्या दोन पायऱ्यांचं ज्ञान पुस्तकांतून मिळतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं, हे कन्हानमध्ये नव्याने शोधायची गरज नाही. तिसरी पायरी मात्र स्थानिक असते. तिच्यासाठी गावात यावंच लागतं, आणि आपले बहुतेक अहवाल नेमके तिथेच घाई करतात.

फ्लोराइडचं उदाहरण घेऊ. ते कोळशाच्या राखेत असतं, आणि चंद्रपूर-यवतमाळकडे भूजलातलं फ्लोराइड हे जुनं दुखणं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलीग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आता १.५ मिलीग्रॅमचं पाणी धरा. साठ किलो वजनाचा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असं साधारण गृहीत धरतात. त्याच्या पोटात ३ मिलीग्रॅम फ्लोराइड गेलं, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने धरलेली सुरक्षित मात्रा किलोमागे ०.०६ आहे, म्हणजे हा माणूस सुरक्षित. पण मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीवर गेलेला असताना, रेल्वेच्या रुळावर किंवा वीटभट्टीवर राबणारा माणूस दोन लिटरवर राहत नाही. तो सहा लिटर पितो. तेव्हा त्याची मात्रा ०.१५ होते, सुरक्षित मात्रेच्या अडीच पट. दहा किलो वजनाच्या मुलाने एक लिटर पाणी प्यायलं तरी आकडा तोच येतो, ०.१५. विहीर तीच, पाणी तेच, प्रयोगशाळेचा शेराही तोच: ‘अनुज्ञेय मर्यादेत’. पण जोखीम तिघांची सारखी नाही. दोन लिटरचं गृहीतक विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी केलेलं नाही, आणि ते बदलून गणित मांडायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. कोण किती पाणी पितं, एवढंच विचारावं लागतं.

आता राखेकडे वळू, कारण या भागातलं सगळ्यात मोठं दृश्य संकट तेच आहे. इथले लोक तिला राखड म्हणतात. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं. एक हजार मेगावॅटची क्षमता दिवसभर पूर्ण चालवायची तर साधारण सोळा हजार टन कोळसा लागतो. राख ३५ टक्के धरली तर रोज साडेपाच हजार टनांहून जास्त राख मागे उरते. खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट आहे, कोराडीची त्याहून मोठी, आणि कोराडीचा पहिला संच १९७४ पासूनचा. पन्नास वर्षांच्या राखेचा हिशेब वाचकाने आपल्या मनाशी करून पाहावा. यातली काही राख सिमेंट, विटा आणि रस्त्यांसाठी जाते. उरलेली पाण्यात कालवून नळांतून बंधाऱ्यांमध्ये सोडतात. बंधारा ओला असेपर्यंत त्यातलं पाणी जमिनीत झिरपण्याची भीती, आणि सुकला की उन्हाळ्याच्या वाऱ्याबरोबर राख उडण्याची.

१६ जुलै २०२२ रोजी, भर पावसात, कोराडी केंद्राचा खसाळा इथला बंधारा फुटला. राखेचा गाळ शेतांत पसरला आणि नाल्यांवाटे कोलार व कन्हान नद्यांत उतरला. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचं सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी कोराडी-खापरखेडा परिसरातल्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या ऋतूंत विहिरी, हातपंप, नद्या-नाले आणि राखेचे नमुने तपासून त्यांनी दाखवलं की अनेक ठिकाणी आर्सेनिक, पारा, शिसं, फ्लोराइड यांच्यासारखे घटक मर्यादेबाहेर आहेत. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या राख बंधाऱ्याबद्दल गावकरी ओरड करत होतेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे आले आणि राख टाकणं थांबवण्याचे आदेश निघाले.

त्या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची रीत: एकाच जागेचं पाणी वेगवेगळ्या ऋतूंत तपासणं. पावसाळ्यानंतर घेतलेला नमुना विरळ झालेल्या पाण्याचा असतो. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की तेच क्षार आणि तेच धातू दाट होतात. वर्षातून एकदा, सोयीच्या महिन्यात भरलेली बाटली फारसं काही सांगत नाही. आणि काय तपासलं हेही महत्त्वाचं. गावागावांत दिलेल्या तपासणी किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, लोह, जिवाणू हे पाहता येतं. शिसं, पारा, सेलेनियम त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. किटने ‘चांगलं’ म्हटलेलं पाणी राख बंधाऱ्याच्या शेजारी चांगलंच असेल असं नाही. घरोघरी चालणारा एक समजही इथे खोडून काढला पाहिजे: पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू आणि फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतात. क्लोरीनचंही तेच, त्याचा इलाज फक्त जंतूंवर.

पाणी निदान दिसतं, त्याला वास येतो, चव लागते. हवेचं तसं नाही. उघड्या खदानीजवळ घरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते ती सगळ्यांना दिसते, पण ती जाड असते. तिचा बराचसा भाग नाकात आणि घशात अडतो. खरा घात करते ती अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ. फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत ती जाते आणि तिथून काही अंशी रक्तात. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. धूम्रपानासारख्या गोष्टींचा परिणाम वजा केल्यावरही सर्वांत दूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत २६ टक्क्यांनी जास्त होतं. ते दूषित शहर स्टूबेनव्हिल, ओहायो राज्यातलं, पोलाद आणि कोळशावर जगणारं. बारीक धुळीची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपला सल्ला ५ वर आणला. म्हणजे ‘मर्यादेत’ आणि ‘निर्धोक’ यांमध्ये आठपटीचं अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसं राहतात.

ही बारीक धूळ सगळीच्या सगळी चिमणीतून तशी बाहेर पडत नाही. कोळशातल्या गंधकाचा वायू होतो, सल्फर डायऑक्साइड, आणि वाऱ्याबरोबर वाहता वाहता काही तासांत त्याचे सल्फेटचे बारीक कण बनतात. याला अंतर लागतं. उंच चिमणी धूर पायथ्याशी पडू देत नाही, तो दूर नेते. म्हणून दहा किलोमीटरच्या आत मोजलेली हवा बरी निघू शकते आणि त्यापलीकडची वाईट. पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी या वायूच्या मर्यादा घालून दिल्या, नंतर मुदती वारंवार वाढत गेल्या, आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना तो वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली. हा निर्णय घेताना चिमणीच्या आसपासची हवा पाहिली गेली. दूरवर तयार होणाऱ्या कणांचा हिशेब त्यात पुरेसा धरला गेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाणकामगाराचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. कोळसा खाणीत श्वासातून आत जाणाऱ्या धुळीसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा आहे घनमीटरला २ मिलीग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. वस्तीतल्या हवेत दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम. एवढा फरक का? कारण कामगार प्रौढ आहे, धडधाकट असल्याची तपासणी करून घेतलेला आहे, आठ तासांनी बाहेर येतो, आणि कायद्याने त्याची ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते. वस्तीत तान्ही मुलं असतात, दम्याचे म्हातारे असतात, गरोदर बायका असतात आणि त्यांची पाळी कधी संपत नाही. खदानीच्या आतल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे निघतो, त्याची नोंद राहते. त्याच्या घरची माणसं खदानीपासून थोड्याच अंतरावर तीच धूळ घेतात, पण त्यांच्या फुप्फुसांची नोंद कुठल्याच वहीत नाही. नोंद नसल्याने आजारही नाही असं कागदावर दिसतं.

नदीकाठच्या माणसांपर्यंत धोका कुठल्या वाटेने येतो, हे ओळखणं तर आणखी कठीण. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता गावात हातपाय वाकडे होणारा, बोलणं जाणारा आजार नोंदला गेला. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा त्यामागे होता, पण लोक काही ते पाणी पीत नव्हते. पारा गाळात, गाळातून माशांत आणि माशांतून माणसांत आला होता. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करायला १९६८ उजाडलं. कन्हानमध्ये तसं घडलंय असं यातून सुचवायचं नाही. पण ज्या नदीत राखेचा गाळ उतरला तिच्यात भोई-ढिवर समाजाची माणसं मासेमारी करतात, आणि तरी आपण तपासतो ते फक्त वाहतं पाणी. वाहतं पाणी आठवडाभरात स्वच्छ दिसू लागतं. तळाचा गाळ वर्षानुवर्षं तिथेच राहतो. गाळ आणि मासे तपासल्याशिवाय तिसरी पायरी पुरी होत नाही.

रेतीचंही असंच. कन्हानची रेती नागपूरच्या बांधकामांत नावाजलेली, त्यामुळे पात्र खरवडलं जातं. नदीचं पाणी रेतीच्या थरातून गाळलं जात काठावरच्या विहिरींत येतं. थर जितका पातळ, तितकी ही गाळणी कमजोर. रेतीचोरीकडे आपण बुडालेला महसूल म्हणून पाहतो. तो पाण्याच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

चिमणीवर एवढं लिहिल्यावर एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी. लहान मुलाच्या जिवाला आजचा, ताबडतोबीचा धोका बहुधा पाऱ्याचा नसून फुटक्या जलवाहिनीत शिरणाऱ्या गटाराच्या पाण्याचा असतो. आणि सरपणावर किंवा शेगडीत कोळशावर स्वयंपाक होत असेल, तर त्या बंद खोलीतली धूळ बाहेरच्या महामार्गापेक्षा कितीतरी जास्त असते. मूल्यांकन म्हणजे या धोक्यांची प्रामाणिक क्रमवारी. कुठला धोका उद्या मारेल, कुठला वीस वर्षांनी. कुठला नगरपरिषद एका महिन्यात दूर करू शकते आणि कुठल्यासाठी दिल्लीला भांडावं लागेल. मोठ्या चिमणीकडे बोट दाखवून फुटकी जलवाहिनी विसरणारा आणि जलवाहिनी दाखवून चिमणी झाकणारा, दोघेही कन्हानच्या माणसाचं सारखंच नुकसान करतात.

हे काम अशक्य आहे का? नाही. ज्या संस्थेने देशाला पाणी आणि हवा मोजायला शिकवलं, ती नीरी, कन्हानपासून तासाभराच्या अंतरावर नागपुरात आहे. १९५८ मध्ये ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे आजचं नाव मिळालं. नव्या ज्ञानापेक्षा इथे जोडणीची गरज जास्त आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, वेकोलिच्या दवाखान्यात आणि खासगी डॉक्टरांकडे खोकला आणि धापेचे रुग्ण येतातच. त्यांच्या नावापुढे मोहल्ला आणि महिना लिहिला, चूल की गॅस एवढं विचारलं, आणि त्याच महिन्याची धुळीची व वाऱ्याची नोंद शेजारी ठेवली, तर दोन उन्हाळ्यांत काहीतरी दिसू लागेल. धूळ मोजणारं यंत्र शाळेच्या गच्चीवर हवं, कारण पोरं तिथे दिवसाचे सहा तास असतात. पाण्याचे नमुने मे आणि ऑक्टोबर, दोन्ही महिन्यांत, त्याच त्या विहिरींतून घ्यायला हवेत. आशाताईंना गल्लीतलं जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच उपग्रहाला माहीत नसतं. त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, आधीच वाकलेल्या खांद्यांवर फुकटचं ओझं टाकू नये.

आणि कागदावरचं वर्तुळ बदलण्याचा एक रस्ता कायद्यातच आहे. मे २०२३ मध्ये कोराडीत आणखी दोन संच, प्रत्येकी ६६० मेगावॅटचे, उभारण्यासाठी भर उन्हात जनसुनावणी झाली. पुढेही कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाच्या होत राहतील. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तिथे येऊन बोलण्याचा हक्क स्थानिक रहिवाशांचा. पण ज्यांचा त्या प्रकल्पाशी खरा संबंध पोचतो अशा बाहेरच्यांना लेखी म्हणणं देता येतं, आणि त्यातले महत्त्वाचे पर्यावरणीय आक्षेप अंतिम अहवालात विचारात घेणं प्रकल्पकर्त्यावर बंधनकारक आहे. कन्हानच्या नगरपरिषदेने त्यात तीन प्रश्न लिहून पाठवावेत. कोराडी, खापरखेडा, खदानी आणि महामार्ग यांची एकत्र धूळ आमच्या गावात मे महिन्यात किती होते? सल्फेटचे कण पंधरा किलोमीटरवर किती पोचतात? बीना संगमाच्या खालचा गाळ आणि मासे शेवटचे कधी तपासले, आणि कुठल्या धातूंसाठी?